अर्धं तुझं, अर्धं माझं

सोलापूर,
१२ जून २०२२

प्रिय दुर्गा मावशी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही करकंबला भावाकडे राहायला गेलात आणि आमची गल्ली मला परकी झाली. तुमच्या खोलीत आता बँकेतले एक गृहस्थ राहतात. बोलताना ते ओठ इतके कमी हलवतात की तोंडात कायम सुपारी असावी असं वाटतं. तुमचे ओठ मला समोरच्या दारातूनसुद्धा वाचता यायचे. फोन आपल्या उपयोगाचा नाही, आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं तुमच्या डोळ्यांना सोसत नाहीत, म्हणून पत्र लिहिते आहे. मला लिहायला-वाचायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा आता त्याचा त्रासही तुम्हीच काढा.

बातमी अशी, की मला लग्न करायचं आहे. त्याचं नाव गुरु. सात रस्ता चौकात आमच्या ऑफिसच्या खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे तो काम करतो. घर श्रीपूरला, वडील साखर कारखान्यात नोकरीला. आमच्यासारखेच लिंगायत आहेत. तोही माझ्यासारखाच जन्मापासून बहिरा आहे. मी पहिल्यांदा दुकानात गेले आणि फुटलेला फोन समोर ठेवला. त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि हातांनी विचारलं, "पडला, की रागानं आपटलास?" मावशी, भर बाजारात कोणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं.

घरी सांगितलं. अप्पा नेहमीसारखे गप्प. आई रडायला लागली. रडताना माणसाचे ओठ वाकडे होतात, मग मला काही वाचता येत नाही. शेवटी तिनं कागदावर लिहून दिलं : "दोगं बहिरे. पोरं पण बहिरी."

तुम्ही सगळं आयुष्य शाळेत जीवशास्त्र शिकवलंत. मला खरं सांगा. आईचं बरोबर आहे का? आमच्या घरात माझ्याआधी कोणी बहिरं नव्हतं. आईला ऐकू येतं, अप्पांना येतं. मग मी अशी कुठून आले?

तुमची,
महेश्वरी

---

करकंब,
२१ जून २०२२

चि. महेश्वरीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी इतकी हसले, की माझा भाऊ गोपाळ बाहेरून धावत आला. "पडला की आपटला" विचारणारा मुलगा मला न बघताच आवडला आहे.

आता तुझा प्रश्न. आमच्या पुस्तकात दोन जड शब्द होते, जनुकविधा आणि स्वरूपविधा. मी मुलांना सोपं करून सांगायची : एक असतं ते, आणि एक दिसतं ते. दोन्ही सारखीच असतील असं नाही. गोपाळची नात सई बघ. तिचे डोळे घारे. आईबापांचे काळेभोर. गावातल्या बायका कुजबुजल्या, पण आमची आजी घाऱ्या डोळ्यांची होती, हे म्हाताऱ्या माणसांना आठवतं. तो गुण एवढी वर्षं घरातच होता, दिसत मात्र नव्हता.

तुझ्या कानांचं तसंच असणार. प्रत्येक गुणासाठी आपल्याकडे जनुकांची जोडी असते. एक आईकडून येतं, एक वडिलांकडून. ऐकू येण्यासाठी जोडीतलं एक जरी धड असलं तरी काम भागतं. ईरम्माकडे एक धड, एक बिघडलेलं. तुझ्या अप्पांकडेही तसंच. म्हणून दोघांना ऐकू येतं, आणि आपल्याकडे काय आहे याचा दोघांनाही पत्ता नाही. तुझ्या वाट्याला दोघांकडून नेमकं बिघडलेलं आलं.

तुझे अप्पा हे ईरम्माचे सख्खे मामा. तुमच्या अक्कलकोटच्या बाजूला मामाला भाची देण्याची रीतच आहे. जवळच्या नात्यात असं होण्याचा संभव वाढतो. एकाच ओढ्याचं पाणी दोन पाटांनी निघावं आणि फिरून एकाच वाफ्यात पडावं, तसं.

पण मुलं बहिरीच होतील, हे इतक्यात कोणी ठरवू नये. बहिरेपण आणणारी जनुकं एक नाही, अनेक आहेत. गुरूचं वेगळं निघालं आणि तुझं वेगळं, तर तुझ्या उणिवेला त्याचं धड जनुक आणि त्याच्या उणिवेला तुझं, असं होऊन मुलं ऐकणारी होतील. दोघांचं एकच निघालं, तर मात्र सगळी तुमच्यासारखी. रक्त तपासून हे कळतं. माझा जुना विद्यार्थी आशिष पुण्यात याच विषयाचा डॉक्टर आहे. मी त्याला कळवते. वेगळं निघो, अशी मी रोज प्रार्थना करीन.

तुझी,
दुर्गा मावशी

---

सोलापूर,
९ जुलै २०२२

दुर्गाबाईंना ईरम्माचं शरणु.

मला मराठी लिवायची सवय न्हाय. घरात आमी जास्ती कन्नडच बोलतो, आन् शाळा चौथीपतुर झाली. चुकलं तर हसू नका.

पोरीनं तुमचं पत्र मला वाचायला दिलं. तीन येळा वाचलं. मग देवापाशी जाऊन बसले. बाई, एक इचारायचं हाय. हे मी कुनाला बोलले न्हाय, नवऱ्याला बी न्हाय.

महेश्वरी पोटात हुती त्या साली ऐन दिवाळीत सूर्याला गिऱ्हान लागलं हुतं. माझी सासू म्हंजे माझी सख्खी आज्जीच की. तिनं सांगितलं हुतं, खोलीत बसून ऱ्हा, विळीला हात लावू नकोस. पर पावणे आलते, भूक लागली हुती, मी कांदा चिरला. पोरगी झाली. वरीस झालं तरी हाकंला वळंना. तवा आज्जी सगळ्यांदेखत म्हनली, "हिनंच कापलं पोरीचं कान." आज्जी गेली, पर ते वाक्य घरातच ऱ्हायलं. आजूनबी कांदा चिरताना तेच कानात वाजतं.

तुमी लिवलंय की अर्धं माझ्याकडनं आलं आन् अर्धं ह्यांच्याकडनं. मग कांद्याचं काय? तुमी शिकल्याल्या हाय. माझं मन राखायला लिवू नका. माझं पाप असंल तर पाप म्हना. मला खरं कळू द्या.

ईरम्मा

---

करकंब,
१५ जुलै २०२२

सौ. ईरम्मास,
सप्रेम नमस्कार.

खरं तेच लिहिते.

मूल पोटात राहतं त्या पहिल्याच क्षणी त्याच्या वाट्याला काय आलं ते ठरून गेलेलं असतं. पुढच्या नऊ महिन्यांत ती जोडी कोणी बदलू शकत नाही, सूर्यही नाही आणि चंद्रही नाही. तुम्ही कांदा चिरलात तेव्हा महेश्वरी पोटात पाच-सहा महिन्यांची होती. तिच्या कानांचं त्याच्या कितीतरी आधी ठरलं होतं. आणि त्या दिवाळीत सोलापुरात तुम्ही एकट्याच गरोदर होतात का? किती जणींनी पाहुण्यांसाठी कांदे चिरले असतील! त्यांची पोरं आज फोनवर गाणी ऐकत फिरतात.

तुमचं पाप नाही. तुमच्या आज्जीचंही नाही. कदाचित तिच्याच अंगात ते लपलेलं असेल, तिच्याकडून तिच्या लेकीत आलं, लेकीकडून तुमच्यात. दुसरीकडून तिच्याच मुलात, म्हणजे तुमच्या नवऱ्यात. तिलाही ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी तुमच्या शेजारी एवढी वर्षं राहिले. तापलेल्या पोरीला खांद्यावर टाकून दवाखान्यात धावताना तुम्हाला पाहिलंय. शाळेच्या गेटवर उन्हात उभं असलेलं पाहिलंय. पोरगी आज स्वतःच्या पायांवर उभी आहे, ती तुमच्यामुळे. हेही खरंच आहे, मन राखण्यासाठी लिहिलेलं नाही.

आपली,
दुर्गा

---

सोलापूर,
१८ सप्टेंबर २०२२

प्रिय दुर्गा मावशी,

पुण्याहून तपासणीचा निकाल आला. दोघांचं जनुक एकच आहे. आशिष डॉक्टरांनी समोर बसवून, कागदावर चित्रं काढून समजावलं. फार चांगले आहेत. बोलताना सारखं माझ्याकडे तोंड करत होते. ते म्हणाले, तुमच्याकडे आणि गुरूकडे जोडीतली दोन्ही जनुकं तीच आहेत, द्यायला दुसरं काही नाहीच, म्हणून मुलं सगळी बहिरी होणार. गुरूचे आईवडील नात्यातले नाहीत, तरीही त्या दोघांकडे ते एकेक होतं. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे पुष्कळ लोक हे घेऊन हिंडतात, त्यांना माहीत नसतं.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

तुम्ही आईला काय लिहिलंत ते मला माहीत नव्हतं. जुलैमध्ये एक दिवस मी ऑफिसमधून आले तर अप्पा, आई आणि मोठ्या काकू जेवायला बसले होते. काकू काहीतरी बोलत होत्या, आई मान खाली घालून ऐकत होती. तेवढ्यात अप्पांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मी त्यांचे ओठ स्पष्ट वाचले. ते म्हणाले, "तिला एकटीला बोलायचं न्हाय. अर्धं माझं हाय." काकूंनी काहीतरी विचारलं. अप्पा पुन्हा म्हणाले, "अर्धं तिचं, अर्धं माझं. दुर्गाबाईंनी लिवलंय." आणि परत जेवायला लागले.

आई उठून आत गेली. मी मागोमाग गेले. तिनं मला पहिल्यांदा कांद्याची गोष्ट सांगितली. हातवारे करून, लिहून, ओठांनी, जमेल तसं. मी सव्वीस वर्षांची आहे आणि माझी आई इतकी वर्षं माझ्यासाठी शिक्षा भोगत होती, हे मला माहीतच नव्हतं. मावशी, तुमच्या पत्रानं तिला सोडवलं. तुमचे आभार मी कोणत्या भाषेत मानू?

लग्नाचं मात्र अडलं आहे. निकाल कळल्यावर गुरूच्या वडिलांनी निरोप पाठवला, की थांबू या.

तुमची,
महेश्वरी

---

करकंब,
२ ऑक्टोबर २०२२

चि. महेश्वरीस,

अनेक आशीर्वाद. वाचून फार वाईट वाटलं. अप्पांचं वाचून मात्र डोळे भरून आले.

मी प्रार्थना केली होती, पण निसर्गापुढे कोणाचं चालत नाही. तू शहाणी आहेस. गुरूच्या वडिलांचंही म्हणणं समजून घे. जे दुःख टाळता येतं ते टाळावं, असं मला वाटतं. लग्न करूनही मूल दत्तक घेता येतं. किंवा थोडं थांबून, शांतपणे, दुसरा काही विचार करता येईल. एवढी वाईट बातमी तू धीरानं घेतलीस याचा मला अभिमान आहे.

तुझी,
मावशी

---

करकंब,
२८ डिसेंबर २०२२

चि. महेश्वरीस,

तुझं उत्तर नाही. ऑक्टोबरात एक आणि दिवाळीला एक, अशी दोन पत्रं पाठवली, दोन्ही मिळाली असतील असं धरते. प्रकृती बरी आहे ना? माझं काही चुकलं असेल तर स्पष्ट लिही. तू लहान होतीस तेव्हा मी वही तपासायची, आता तू तपास.

मावशी

---

सोलापूर,
१९ फेब्रुवारी २०२३

प्रिय दुर्गा मावशी,

पत्रं मिळाली. मी रागावले होते, म्हणून लिहिलं नाही. तुमच्यावर रागावायची सवय नाही, त्यामुळे वेळ लागला.

वही तपासायला सांगितलीत म्हणून लिहिते. तुम्ही "बिघडलेलं" लिहिलंत, "उणीव" लिहिलंत, "वाईट बातमी" लिहिलंत. मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं की आमची मुलं कशी होतील. ती बहिरी झाली तर काय करू, असं विचारलं नव्हतं. मला त्याची भीती कधीच नव्हती. मी बहिरी आहे म्हणून मला वाईट वाटत नाही. एकाच गोष्टीचं वाटायचं : घरात माझ्याशी बोलायला कोणी नसायचं. सगळे जेवताना हसायचे आणि मी विचारलं की म्हणायचे, "काही न्हाय, नंतर सांगतो." ते नंतर कधी आलंच नाही. दुखतं ते हे. कान नाही दुखत.

आता श्रीपूरची हकीकत. संक्रांत झाल्यावर अप्पा एक दिवस उठले आणि आईला म्हणाले, "चल." आम्ही तिघं गुरूच्या घरी गेलो. कारखान्याचा हंगाम जोरात होता, रस्ताभर उसाच्या गाड्या. गुरूचे आईवडील, गुरु आणि त्याची धाकटी बहीण श्रावणी घरी होते. श्रावणीला ऐकू येतं, पण ती भावाबरोबर वाढली म्हणून हातांनी आमच्यासारखीच बोलते. दोन्हीकडचं तीच सांगत होती.

गुरूचे वडील म्हणाले, "माझा राग न्हाय पोरीवर. पर सगळं कळून-सवरून, डोळं उघडं ठेवून हिरीत उडी कशी मारायची?"

श्रावणीनं ते सांगताना हात आखडता घेतला. मी तिला म्हटलं, सगळं सांग. मग मी त्यांच्याकडे बघून हातांनी म्हटलं आणि श्रावणी बोलली, "मामा, तुम्ही गुरूकडे बघता तेव्हा तुम्हाला विहीर दिसते का?"

त्यांनी मान वळवली. गुरूकडे बघत राहिले. गुरु शनिवारी घरी येतो तेव्हा ते फाटकाशी उभे असतात, हे त्यानंच मला सांगितलं होतं. तेवढ्यात त्याची आई, दानेश्वरी मावशी, आतून चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "एकाला वाढवलंय न्हवं? तवा आपल्याला कायच येत नव्हतं. आता तर येतंय की. आन् ही दोगं हायत, ही श्रावणी हाय. त्या पोराला एवढी मानसं बोलायला मिळतील. गुरूला कोन हुतं?"

गुरूच्या वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग अप्पांना म्हणाले, "चहा घ्या. गार हुतोय." आमच्याकडे होकार असाच देतात, असं श्रावणीनं मला नंतर सांगितलं.

लग्न वैशाखात आहे. तुम्ही यायचंच. आई श्रावणीकडून खुणांची भाषा शिकते आहे. व्हिडिओ कॉलवर रोज शिकवणी. तिचे हात ताठ आहेत, मीठ मागायचं असलं की माकड मागते. मी हसून लोळते, आणि तीही हसते. जेवताना आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसतो आहोत, मावशी. राग गेला तो त्यामुळे.

तुमची,
महेश्वरी

---

करकंब,
३ मार्च २०२३

चि. महेश्वरीस अनेक आशीर्वाद.

वही बरोबर तपासलीस. तिन्ही शब्द मी खोडले. त्यांच्या जागी काय लिहावं हे शोधताना गोपाळच्या शेतात गेले होते, तिथलं सांगते.

गोपाळनं गेल्या वर्षी एकाच उसाच्या कांड्या दोन ठिकाणी लावल्या. काही पाटाच्या कडेच्या काळ्या रानात, आणि बेणं उरलं म्हणून काही वरच्या मुरमाड पट्टीत. एकाच उसाची कांडी, म्हणजे आतलं सगळं तंतोतंत एक. खालचा ऊस डोक्याच्या वर गेला आहे. वरचा माझ्या कमरेला येत नाही, पेरं बोटाएवढी. कोणी म्हणेल दोन वेगळ्या जातीचे ऊस आहेत.

मी वर्गात हे कितीदा शिकवलं असेल, की जे दिसतं ते नुसत्या जनुकांचं नसतं. जनुकं आणि रान, दोघं मिळून ते घडवतात. परीक्षेत मुलं हे वाक्य लिहायची आणि मी गुण द्यायची. पण तुझ्या प्रश्नाला उत्तर देताना मी फक्त जनुकं बघितली. तुझ्या बाळाला रान कोणतं मिळणार आहे, हे बघायचं राहूनच गेलं. तुला मुरमाड मिळालं होतं, पोरी. सगळ्यांनी जीव लावला, पण पाणी पोचलं नाही, कारण तुझ्याशी बोलायचं कसं हे कोणालाच येत नव्हतं. तरी तू वाढलीस.

इतकी वर्षं शिकवून झाल्यावर मला माझा विषय कळतो आहे, आणि शिकवणारी तू आहेस. याबद्दल तुझी ऋणी आहे. लग्नाला येतेच. गुरूला सांग, माझा फोन बंद पडला आहे. पडला, आपटला नाही.

मावशी

---

सोलापूर,
११ ऑगस्ट २०२४

प्रिय दुर्गा मावशी,

बाळ झालं! मुलगा. नाव ओजस. दोघंही सुखरूप. तुमचं दुपटं पोचलं, तो त्यातच झोपला आहे.

दवाखान्यात कानांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी लिहून दाखवलं, प्रतिसाद नाही. गुरूनं मान डोलावली आणि लिहून विचारलं, "बाकी सगळं ठीक? वजन?" त्या गोंधळल्याच. मग हसल्या.

कानात बसवायच्या यंत्राबद्दलही त्यांनी सांगितलं. आम्ही आशिष डॉक्टरांशी आणि ज्यांनी बसवलं आहे अशा आईवडिलांशी बोलतो आहोत, सगळं समजून घेऊन ठरवू. पण भाषा त्यासाठी थांबणार नाही. पहिल्या दिवसापासून आम्ही त्याच्याशी बोलतो. दूध पाजताना सांगते, दूध. दिवा लावला की सांगते, दिवा. गुरु त्याला मोबाइलच्या तक्रारी सांगतो. तो आमच्या हातांकडे डोळे मोठे करून बघत राहतो.

सासरे श्रीपूरहून आले आहेत. हात जाडजूड, कारखान्यात यंत्रांवर राबलेले. बाळाला मांडीवर घेऊन एका हातानं चुकीच्या खुणा करतात. मी दुरुस्त करत नाही. मला आवडतं.

आई तर त्याच्याजवळून हलत नाही.

तुमची,
महेश्वरी

---

सोलापूर,
२९ जून २०२५

दुर्गाबाईंना ईरम्माचं शरणु.

हे पत्र महेश्वरी लिवनार हुती. मी म्हनलं, न्हाय, हे मी लिवते. कन्नडात लिवलं असतं तर लवकर झालं असतं, पर तुमाला वाचता याला पायजे.

महेश्वरीनं मला एक खूण दिलीय. त्यांच्यात नावं तोंडानं नसतात, हातानं असतात. एकेकाला एकेक खूण. माझी खूण म्हंजे नाकाला बोट. माझ्या नाकातल्या मोरणीवरनं दिली. आधी मला हसू आलं. म्हनलं, ह्ये काय नाव झालं.

काल सकाळी मी दारात गहू निवडत बसले हुते. महेश्वरी आत सैपाकाला, गुरु दुकानात. पोरगं आतनं रांगत रांगत आलं आन् उंबऱ्यापाशी थांबलं. बाहेर यायचं हुतं, पर उंबरा उंच. माझी पाठ त्याच्याकडं. मी आपली सुपात गहू पाखडत हुते. सवयीनं मागं वळून बघितलं, तर माझ्याकडं बघत बसलंय, आन् नाकाला बोट लावलंय.

मला वाटलं, नाक खाजतंय. म्हनून परत सुपाकडं वळले. वळून बघितलं, तर परत बोट. माझ्याकडं बघायचं आन् नाकाला बोट लावायचं. आन् मग हात पुढं, घे म्हनून.

बाई, ते मला हाक मारत हुतं.

सूप हातातनं पडलं. गहू सगळे अंगनात. महेश्वरीला बोलवायचं म्हनलं तर तिला ऐकू कुटं येतंय! मी तशीच बसून ऱ्हायले. आजून वरीस बी भरलं न्हाय त्याला. बोलनारी पोरं बी ह्या वयात नीट बोलत न्हाईत.

महेश्वरी शाळंत गेली, आठ वर्साची झाली, तवा तिला कळलं की मला आई म्हनतात. तोवर पदर वढायची, न्हायतर रडायची. कशाला रडते ते तिला सांगता याचं न्हाय, मला इचारता याचं न्हाय. आमी दोगी एका घरात दोन गावाला ऱ्हायल्यावानी ऱ्हायलो. आन् ह्याचं रगत त्येच हाय, कान त्येच हायत. डाकतरनी सांगितलं, आईचं जसं तसंच ह्याचं. पर ह्याला आज्जीला हाक मारता येती.

तुमी मला पत्र लिवलं नसतं तर मी आजूनबी कांदाच धरून बसले असते. पोरीचं हात बघितले नसते. देवाचं उपकार मानते, तुमचं बी मानते, आन् त्या श्रीपूरच्या श्रावणीचं बी.

आता पुढचं ऐका. पोरगं वाट बघत हुतं. हाक मारली आन् कुनी ओ दिली न्हाय तर कसं वाटतं, ते माझ्या लेकीला इचारा. मी उठले, त्याच्या म्होरं जाऊन बसले, गव्हाच्या धुळीनं भरल्यालं हात लुगड्याला पुसलं, आन् त्याला त्याच्याच भाशेत सांगितलं, "आले, बाळा. हितंच हाय."

एक बी खूण चुकली न्हाय. पोरगं खदाखदा हसलं.

तुमची,
ईरम्मा